नवव्या लेनचं काय केलंत?

प्रति,
खेळाडूंवर चरित्रपट काढणारे मराठी निर्माते, दिग्दर्शक आणि पटकथाकार यांस

विषय : पळणाऱ्या माणसाचं भांडण कापून टाकण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी माण तालुक्यातल्या एका हायस्कुलातून निवृत्त झालेला क्रीडाशिक्षक. एकतीस वर्षं शिट्टी वाजवली आणि पावसाळ्यात पुसून गेलेला ट्रॅक दर हिवाळ्यात फक्कीने नव्याने आखला. त्याआधी मी स्वतः तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, पळायचो. फार पुढे गेलो नाही. विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचलो, पाण्याच्या उडीत घोटा मोडून घेतला आणि बी.पी.एड. करून गावी आलो. म्हणजे हे पत्र तिकीट काढून पिक्चर बघणाऱ्याचं आहे, तसंच त्या पाण्यात तोंडावर पडलेल्याचंही आहे.

पत्राचं कारण आधी सांगतो. गेल्या दिवाळीनंतर तीन माणसं आमच्या गावात आली. आमच्याकडच्या एका जुन्या धावपटूवर सिनेमा काढायचाय म्हणाली. त्यांच्या कंपनीचं नाव लिहीत नाही आणि धावपटूचंही लिहीत नाही. त्यानेच बजावलंय, "सर, माझं नाव छापलं तर बोलणं बंद." ते मला परवडणारं नाही, संध्याकाळच्या चहाला मला दुसरं कोणी नाही. पोरं चांगली होती, हेही लिहायला हवं. चार दिवस राहिली, पिठलं-भाकरी खाल्ली, त्याच्या आईच्या पाया पडली, तो बोलला ते सगळं रेकॉर्ड करून घेतलं. सहा महिन्यांनी पटकथा आली. त्याला वाचायचा कंटाळा, म्हणून मी दोन संध्याकाळी बसून मोठ्याने वाचून दाखवली. संपल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "झ्याक हाय. पन ह्यो कोन?"

आता घडलं काय होतं ते ऐका. १९९०च्या दशकातली गोष्ट. आमचा गडी तेव्हा दहा हजार मीटर पळायचा. एका स्पर्धेनंतर संघाच्या व्यवस्थापकांनी सगळ्या पोरांपुढे रजिस्टर धरलं : स्पाईक्सचा एक जोड आणि ट्रॅकसूट मिळाला, सही करा. बूट कुणालाच मिळाले नव्हते. बाकीच्यांनी सह्या ठोकल्या. त्यांनाही दोष देत नाही, घरी जायची घाई होती आणि बसभाडं त्याच माणसाच्या खिशातून यायचं होतं. ह्याने सही केली नाही. "बूट दावा, मंग अंगठा बी देतो" एवढंच म्हणाला. पुढच्या निवड चाचणीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

तरी हा तिथे गेला. स्वतःच्या पैशाने एसटीने गेला. छातीला नंबर नाही, स्टार्टरने रेषेवरून हाकलला. शर्यत सुटली तसा हा आठव्या लेनच्या बाहेर, जिथे आमच्यासारखे शिक्षक घड्याळं घेऊन उभे असतात तिथून पळायला लागला. पंचवीस फेऱ्या. कुणी त्याचा वेळ घेतला नाही, फेऱ्या मोजणाऱ्यांनी त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही असं ठरवल्यासारखं केलं. मी मोजल्या. लेनची रुंदी एक मीटर बावीस सेंटिमीटर, म्हणजे एकेक लेन बाहेर सरकलं की फेरीला पावणेआठ मीटरच्या आसपास जास्त पडतात. आठ लेन ओलांडून पळणारा माणूस दर फेरीला साधारण एकसष्ट मीटर जादा पळतो. पंचवीस फेऱ्यांचे झाले दीड किलोमीटर. तेवढं जास्त पळूनही तो यादीतल्या दोघांच्या आधी पोचला. पोचल्यावर कुणाला काही बोलला नाही. चपला हातात घेतल्या आणि स्टँडवर गेला.

एवढीच गोष्ट आहे. पदक नाही, झेंडा नाही, पार्श्वसंगीत नाही. पण मी त्या दिवशी मैदानावर होतो, आणि त्यानंतर पोराला "यादीत नाव नाही, तू घरी जा" असं सांगायची वेळ आली की माझी जीभ अडखळायची.

पटकथेत काय आहे? नायकाला चाचणीला उशीर होतो, कारण वाटेत तो विहिरीत पडलेल्या मुलीला वाचवतो. (ती मुलगी पुढे नायिका होते. त्यावर मी काही बोलत नाही.) व्यवस्थापक प्रेमळ आहेत, त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, ते नियम मोडून त्याला रेषेवर उभं करतात आणि तो अनवाणी पळून पहिला येतो. रजिस्टर गेलं, बूट गेले, नववी लेन गेली. ज्याने डावललं तो देवमाणूस झाला आणि जो भांडला तो उपकाराखाली वाकलेला निघाला.

मी फोन केला. उत्तर मिळालं की खऱ्या प्रसंगाला संघटनेकडून ना-हरकत मिळणार नाही, आणि लोकांना निगेटिव्ह नको असतं. तुम्ही लोक ह्या धंद्यात आहात, ह्या दोन्ही कारणांत दम असेलही. पण मग चरित्रपट हा शब्द तरी कशाला वापरायचा?

आता ही एका कंपनीची चूक असती तर मी पोस्टकार्ड टाकून मोकळा झालो असतो. दहा-बारा वर्षांत खेळाडूंवरचे जेवढे सिनेमे बघितले त्यातल्या बहुतेकांत हाच हात फिरलेला दिसतो, म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

तुम्ही म्हणाल, भांडणाऱ्या धावपटूवर सिनेमा चालतो का? चालला होता. मार्च २०१२. त्या वेळी आमच्या शाळेतली अकरा पोरं घेऊन मी साताऱ्याला गेलो आणि 'पानसिंग तोमर' दाखवून आणला. तिग्मांशु धुलियाने काढलेला, इरफान खानचा. चंबळच्या खोऱ्यात दुसऱ्याच एका सिनेमाच्या कामावर असताना दिग्दर्शकाला ही गोष्ट कळली होती. मुरैना जिल्ह्यातला सैन्यातला गडी, स्टीपलचेसचा राष्ट्रीय विजेता, १९५८ साली टोकियोच्या आशियाई स्पर्धेत भारताकडून उतरलेला. आणि जमिनीच्या भांडणात न्याय मिळेना म्हणून बंदूक घेऊन बीहडात गेलेला. १९८१च्या ऑक्टोबरमध्ये पोलिसांच्या गोळीने मेला. मी बंदुकीचं समर्थन करत नाही. त्या सिनेमाने केलं असंही मला वाटलं नाही. पण त्याने एक गोष्ट केली जी तुम्ही करत नाही : माणूस चिडला कशाने, ते एकेक पायरी दाखवलं. सैन्यात तो खेळाकडे वळतो ते देशप्रेमाच्या भाषणाने नाही, खेळाडूला पोटभर खायला मिळतं म्हणून. पाच हजार मीटर सोडून स्टीपलचेसला जायचं ठरवतं दुसरंच कुणी. टोकियोत ऐन वेळी स्पाईक्स हातात ठेवतात आणि सवय नसल्यामुळे तो त्या बुटांत धडपडतो. ह्यावर सिनेमात कुणी भाषण देत नाही. आमची अकराच्या अकरा पोरं मात्र त्या बुटांच्या प्रसंगाला एकदम गप्प झाली, कारण त्यातल्या सातांनी कधी स्पाईक्स घातले नव्हते.

परत येताना एसटीत एकाने विचारलं, "सर, मेडल असून त्याचं ऐकलं का न्हाई?" मला उत्तर देता आलं नाही. माझ्या मते सिनेमा तिथेच जिंकला. तुमच्या पटकथेनंतर पोरं असा प्रश्न विचारणार नाहीत. टाळ्या वाजवतील, शिट्ट्या मारतील आणि वडापाव खायला उतरतील.

त्या सिनेमालाही वाट बघावी लागली, हे मला माहीत आहे. २०१० साली लंडनच्या महोत्सवात दाखवून झाला होता आणि आपल्याकडे थिएटरात यायला २०१२ उजाडलं. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, इरफानलाही मिळालं. म्हणजे लोकांना निगेटिव्ह नको असतं हे वाक्य जरा तपासून घ्या.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे असतो, त्याने मला दोन डीव्हीडी पाठवल्या होत्या. एकाच धावपटूवर लागोपाठ दोन वर्षं, १९९७ आणि १९९८ साली, दोन वेगळे सिनेमे आले. माणूस स्टीव्ह प्रीफाँटेन. ऑरेगन राज्यातल्या कूस बे नावाच्या लाकडाच्या बंदरातला पोरगा. पळायची पद्धत एकच : बंदूक वाजली की पुढे जायचं आणि मागे बघायचं नाही. पाच हजार मीटरला शहाणा माणूस दुसऱ्याच्या पाठीमागे वाऱ्याचा आडोसा घेतो आणि शेवटच्या फेरीला बाहेर पडतो. ह्याला ते भ्याडपणाचं वाटायचं. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो एकवीस वर्षांचा होता. चार फेऱ्या राहिल्या असताना त्याने शर्यत पेटवली, सोन्यासाठी धडपडला, आणि शेवटच्या काही मीटरांत पाय संपून चौथा आला. फिनलंडचा लासे विरेन जिंकला. चौथा म्हणजे हातात काहीच नाही. ह्याच्यावर दोन सिनेमे!

त्याचं खरं भांडण मैदानाबाहेर होतं. त्या काळी अमेरिकेत हौशी खेळाडूंची एक संघटना सगळं ठरवायची : कुठे पळायचं, कुणाविरुद्ध पळायचं, पैसे घ्यायचे नाहीत. देशातला सर्वांत वेगवान लांब पल्ल्याचा धावपटू एका ट्रेलरमध्ये राहत होता आणि सरकारी अन्नकुपनांवर जेवत होता. हा उघड बोलला, वर्तमानपत्रांत बोलला. १९७५ साली संघटनेला बाजूला ठेवून त्याने स्वतः फिनलंडच्या खेळाडूंना बोलावून स्पर्धा भरवल्या. त्यातली शेवटची शर्यत जिंकल्यावर काही तासांत, ३० मेच्या पहाटेआधी, गाडी उलटून मेला. वय चोवीस. दोन हजारपासून दहा हजार मीटरपर्यंतचे अमेरिकन विक्रम तेव्हा त्याच्या नावावर होते. तीन वर्षांनी, १९७८ साली, तिथल्या सरकारने कायदा करून त्या संघटनेची मक्तेदारी काढून घेतली. तो कायदा प्रीफाँटेनने एकट्याने घडवून आणला असं नाही, भांडणारे बरेच होते. पण त्या भांडणाशिवाय प्रीफाँटेन म्हणजे काय उरतो? मिशा असलेला, फोटोत बरा दिसणारा एक चौथा नंबर.

त्यातला १९९८चा सिनेमा, 'विदाऊट लिमिट्स', मला जास्त आवडला. दोनदा पाहिला. त्यात भांडण आहेच, पण आणखी एक आहे : पोरगा आणि त्याचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांच्यातली ओढाताण. गुरू सांगतो थांब, शिष्य म्हणतो थांबलो तर तो मी नाही. मी एकतीस वर्षं त्या गुरूच्या खुर्चीत बसलोय, आणि प्रामाणिकपणे सांगतो, मला गुरूचं पटलं आणि शिष्याचा हेवा वाटला. आणखी एक बारीक गोष्ट. त्या सिनेमाच्या लेखकांपैकी एक, केनी मूर, स्वतः धावपटू. त्याच म्युनिकला तो मॅरेथॉन पळाला होता आणि तोही चौथा आला होता. आता चौथ्या आलेल्याच्या पोटात काय होतं हे लिहायला अजून कोण हवा?

हे दोन्ही सिनेमे तिकिटबारीवर पडले. लपवत नाही, तुम्ही काढायच्या आधी मीच काढतो. पण जगात जिथे पोरं लांब पल्ल्याचं पळतात तिथे ते अजून एकमेकांना दिले जातात. त्यातला एक माणदेशात माझ्या कपाटात आहे.

आता तक्रारी. भांडण कापल्याची पहिली आणि मोठी, ती वर आलीच.

दुसरी शर्यतीबद्दल. तुम्हाला पळणं चित्रित करता येत नाही. राग मानू नका, पण दहा हजार मीटरच्या शर्यतीत तुमचा नायक पहिल्या फेरीपासून शंभर मीटरसारखे हात मारतो. मग स्लो मोशन. मग आई देवापुढे दिवा लावताना. मग परत स्लो मोशन, घामाचा थेंब. एवढ्यात शर्यत संपते. अहो, शर्यत असते अठराव्या फेरीला! पहिल्या दहा फेऱ्यांत काही घडत नाही असं वाटतं आणि सगळं तिथेच ठरत असतं. पुढच्याच्या श्वासाचा आवाज बदलला का, खांदे वर आले का, वळणावर तो आत राहतोय की बाहेर ढकलला जातोय, समोरच्या सरळ पट्ट्यावर वारा तोंडावर आहे की पाठीला. अठराव्या-एकोणिसाव्या फेरीला पोटात गोळा येतो आणि डोकं म्हणतं, पुढच्या वळणाला सोडून दे. कुणी बघत नसतं, शेवटच्या फेरीची घंटा अजून लांब असते. ती एक फेरी धीराने दाखवा, कॅमेरा हलवू नका. स्टीपलचेस असेल तर तुमची चांदीच आहे : साडेसात फेऱ्यांत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या, आणि अडथळा हर्डलसारखा पडत नाही. जाड लाकडी तुळई असते, पाय अडकला तर तुम्हीच पडता. माझा घोटा साक्षीला आहे.

आणि नाट्य म्हणाल तर आपल्याच मातीत किती पडलंय बघा. १९८१ साली गोपाल सैनीने टोकियोत स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम केला, आठ मिनिटं तीस पूर्णांक अठ्ठ्याऐंशी. म्हणजे पानसिंग गेला त्याच वर्षी. तो विक्रम सदतीस वर्षं टिकला. २०१८ साली भुवनेश्वरला तो मोडला कुणी? आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने, बारावीनंतर सैन्यात जाऊन सियाचीनवर राहून आलेल्या दुष्काळी पट्ट्यातल्या पोराने. २०२२ला बर्मिंगहॅममध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण किती फरकाने हुकलं? शून्य पूर्णांक शून्य पाच सेकंद. आणि आमच्या तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, १९८४च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत गेलेली पहिली भारतीय बाई. दहावी आली. दहावा नंबर कसा असतो ते पडद्यावर दाखवायची हिंमत तुमच्यापैकी कुणात आहे?

तिसरी तक्रार गरिबीची. तुमच्या सिनेमात गरिबी पावसासारखी पडते, तिला कुणी जबाबदार नसतं. फाटका सदरा, चुलीचा धूर, अनवाणी पाय, बासरी. आमच्याकडे दुष्काळ आहे, खोटं नाही. पण आमचा गडी अनवाणी पळाला तो दुष्काळामुळे नाही. बूट मंजूर झाले होते, रजिस्टरमध्ये आले होते, पायात आले नाहीत. ह्या तिन्हींच्या मधे एक माणूस होता. त्या माणसाला कापून तुम्ही बासरी घातली, की अनवाणी पाय सुंदर दिसायला लागतात. तेवढं करू नका.

चौथी, कागदाची. त्या पोरांनी आमच्या गड्यापुढे इंग्रजीतला करार ठेवला. मी आणि गावातल्या एका वकिलीण बाईंनी तो वाचला. एकदाच ठरावीक रक्कम, सगळे हक्क कायमचे, सर्व भाषा, सर्व माध्यमं, आणि पुढे त्याने स्वतःची गोष्ट दुसरीकडे सांगायची झाली तर परवानगी घ्यायची. काचकूच केल्यावर त्यातला एक म्हणाला, "मिल्खासिंगांनी एक रुपया घेतला होता." खरं आहे, 'भाग मिल्खा भाग'साठी घेतला होता. तो त्यांचा मोठेपणा. पण दुसऱ्याच्या मोठेपणाचा दर करून तो आपल्या कागदावर चढवायचा नसतो. आमचा गडी त्यावर जे म्हणाला ते छापण्यासारखं नाही. अर्थ एवढाच की मिल्खासिंगांच्या दारात विहीर आटलेली नव्हती. त्याने पुन्हा सही केली नाही. हा माणूस आयुष्यात दोनदा सहीला नाही म्हणाला, आणि दोन्ही वेळा रजिस्टर समोर धरणाऱ्याला तो आडमुठा वाटला.

पाचवी छोटी आहे. जिथली गोष्ट तिथे सिनेमा पोचत नाही. शाळेला भाड्याचा पडदा आणि प्रोजेक्टर आणता येतो. परवानगी मागितली की उत्तरच येत नाही.

मला तुमची अडचणही दिसते. पैसा तुमचा, कर्ज तुमच्या डोक्यावर, कोर्टाची नोटीस तुमच्या पत्त्यावर येणार. मैदान, संघटनेचा झेंडा, जुनी चित्रफीत, सगळ्याला कुणाची तरी मर्जी लागते. मी शिक्षक होतो. वरून आलेल्या परिपत्रकापुढे मीही बऱ्याचदा मान तुकवली आहे. त्या चाचणीच्या दिवशी मी फेऱ्या मोजल्या, पण टेबलापाशी जाऊन "ह्याचा वेळ लिहा" असं म्हणालो नाही. घड्याळ माझ्या हातात होतं. ते मला अजून टोचतं, आणि हे पत्र थोडं त्यासाठीही आहे.

आणि मराठीत हे जमत नाही असं नाही. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी लुगड्यात पळालेल्या लताबाई करे यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं आणि राष्ट्रीय पारितोषिकांत त्याची दखलही घेतली गेली. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नाहीत म्हणून साठी ओलांडलेली बाई पळते. आता ह्याला कुणी निगेटिव्ह म्हणेल का? आणि आपले खाशाबा जाधव. १९५२ला हेलसिंकीला जाऊन स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं, हे आपण भाषणात सांगतो. निवडीत डावललं गेल्यावर ते गप्प बसले नाहीत, पतियाळाच्या महाराजांपर्यंत दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावायला लावली आणि ती जिंकली, हे भाषणात गाळतो. भांडले नसते तर हेलसिंकीला कुणी वेगळाच गेला असता.

तर मागण्या. शांतपणे लिहितोय, शांतपणे वाचाव्यात.

खऱ्या माणसाचं नाव किंवा त्याच्या नावाने चरित्रपट असं छापायचं असेल तर त्याच्या आयुष्यातलं मुख्य भांडण काढू नका. अधिकाऱ्याचं नाव बदला, गाव बदला, संघटना काल्पनिक करा, कायद्याने जे झाकायचं ते झाका. पण सही नाकारली ती नाकारलीच राहू द्या. ते जमत नसेल तर चरित्रपट म्हणू नका, सरळ काल्पनिक म्हणा आणि त्या माणसाला मोकळं करा.

करार मराठीत द्या. वाचायला निदान पंधरा दिवस द्या. पैसे एकदाच न देता पुढच्या मिळकतीत वाटा लिहा, आणि स्वतःची गोष्ट सांगायचा त्याचा हक्क त्याच्याकडेच ठेवा.

पटकथा लिहिताना आणि शर्यती चित्रित करताना एक तरी माणूस असा ठेवा जो ते अंतर पळालेला आहे, आणि त्याचं नाव श्रेयनामावलीत वाचता येईल एवढ्या वेळ ठेवा. शर्यतीत पळायला भरतीची तयारी करणारी पोरं घ्या. आमच्याकडे पहाटे चार वाजता रस्त्यावर शंभर भेटतील. त्यांना रोजचा भत्ता द्या आणि बूट द्या. बूट खरोखर द्या.

सिनेमा उतरल्यावर सहा महिन्यांनी शाळा आणि क्रीडा वसतिगृहांना फुकट दाखवायची परवानगी द्या.

ज्या कंपनीने आमच्या गावात चार दिवस काढले तिला वेगळं सांगणं एवढंच : रेकॉर्डिंगची एक प्रत त्याच्या घरी पाठवा. त्यात त्याची आई बोलली आहे. ती ह्या वैशाखात गेली. सिनेमा काढा न काढा, ते आवाज त्याचे आहेत.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
माण, जि. सातारा

ता. क. : पटकथा पुन्हा लिहायचं ठरलं तर नायकाचं काम करणाऱ्या नटाला इकडे पाठवा. शाळेचं मैदान पहाटे साडेपाचला उघडं असतं. आठ लेन आखून ठेवतो. त्याने बाहेरून पळायचं. ह्या वेळी वेळ मी लिहून घेईन.